गैरहजर माणसाची चिठ्ठी

२ जानेवारी

प्रिय धाकट्या,

प्रभूमध्ये सलाम. नवीन वर्षाच्या शुभेच्छा. तू देणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून तुझ्या वाटच्याही मीच देऊन टाकते.

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "बरं, ठेवू का?" म्हणतोस आणि मग माझं डोकं फिरतं. पत्र वाचताना तुला तसं म्हणता यायचं नाही.

काल सकाळची उपासना छान झाली. पाळकसाहेब सव्वा तास बोलले. नवं वर्ष, नवी आशा, नवं मन. शेवटी शेवटी थांबायचं कुठे हे त्यांनाच सुचेना. हे तिसऱ्या रांगेत बसून झोपले होते, पण मान ताठ ठेवून झोपतात, त्यामुळे मनन चाललंय असं लोकांना वाटतं.

आता मुद्द्याचं. आमच्या मंडळीत गेल्या वर्षीपासून एक प्रथा सुरू झाली आहे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकाने पुढच्या वर्षासाठी एकच प्रार्थना चिठ्ठीवर लिहायची आणि बिननावाने पेटीत टाकायची. एक जानेवारीला प्रत्येकाने पेटीतून एकेक चिठ्ठी उचलायची, आणि जी हाताला लागेल ती प्रार्थना वर्षभर रोज करायची. चिठ्ठी कुणाची हे विचारायचं नाही, तीत काय आहे हे सांगायचं नाही. यंदा दोन-चार माणसं आजारी पडली आणि चिठ्ठ्या उरल्या. तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, घरातलं जे माणूस देवापासून लांब गेलंय त्याच्या नावाने एक उचला. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण बाकी सगळ्यांनी पाहिलं.

तर सोबत बंद पाकीट आहे. डोळे मिटून उचललं, उघडलेलं नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली आणि तितकीच वर्षं तू देवळाची पायरी चढलेला नाहीस. "पाळक फार बोलतात" हे कारण एवढी वर्षं पुरत नाही, धाकट्या. रोज फक्त एक मिनिट काढ. दाढी करताना केलीस तरी चालेल.

तुझी ताई

११ जानेवारी (न पाठवलेलं)

ताई,

पाकीट फोडलं. चिठ्ठीत लिहिलंय, "प्रभू, माझ्या रक्ताच्या माणसाला क्षमा करायला मला शिकव. वरून सगळं गोड आहे, आतून जमत नाही."

तुला काय वाटलं, मी ओळखणार नाही? तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवतोय. माणसाचा चेहरा विसरेन, अक्षर विसरत नाही. शब्द संपला तरी तुझी वरची रेघ पुढे जातच राहते, अगदी तुझ्यासारखी. डोळे मिटून उचलली म्हणे. एवढ्या ढिगातून नेमकी स्वतःचीच चिठ्ठी, आणि नेमकी मला. तोंडावर बोलायचं नाही, देवाच्या हातून टोमणा पाठवायचा, ही तुझी जुनी पद्धत.

म्हणजे तुला माझं काहीतरी कळलंय. पण नेमकं काय ते लिहिलेलं नाहीस, हीच पंचाईत आहे. एकच गोष्ट असती तर सरळ माफी मागून मोकळा झालो असतो. मला आठवतात त्याच सात-आठ आहेत.

१२ जानेवारी

प्रिय ताई,

सलाम. पाकीट मिळालं. नियमाप्रमाणे काही सांगत नाही. दाढी करताना प्रार्थना केली, हनुवटी कापली. उद्यापासून आधी दाढी, मग प्रार्थना.

इथे सगळं ठीक. पाट्यांची कामं कमी झाली आहेत, आता सगळ्यांना छापील फलक हवेत. खाली दुकान, वर खोली, दोन्हीकडे टर्पेंटाइनचा वास. भावोजींचा खोकला कसा आहे?

आणखी एक, सहज आठवलं म्हणून. लहानपणी शिवणयंत्राचं लाकडी झाकण फुटलं आणि आईने तुला बदडलं होतं. ते मी फोडलं होतं. आत मांजरीची पिल्लं ठेवायची होती. तेव्हा बोललो नाही. चुकलं माझं.

तुझा धाकटा

२६ जानेवारी

प्रिय धाकट्या,

पत्र वाचून मी इतकी हसले की हे खोकायचे थांबले. अरे, झाकणाचं मी केव्हाच विसरले. मार तेवढा लक्षात आहे.

पण खरं सांगू, नंतर डोळ्यांत पाणी आलं. एकच दिवस प्रार्थना केलीस आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीची चूक आपणहून कबूल केलीस. मी ते पत्र महिला मंडळात वाचून दाखवलं. पिल्लांचा भाग गाळला.

यंदा आमची मंडळीच बदलून गेली आहे. सगळे माझ्याशी फार मायेने वागतात. शिंपीणबाईंनी दाराशी गाठून माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "धीर सोडू नका, सुटेल हो त्यांची." खोकल्याबद्दल बोलत असाव्यात. पण खोकल्यासाठी कुणी डोळे पुसतं का? आणि निवृत्त मास्तर म्हणाले, "वयाचं मनावर घेऊ नका, दुसऱ्या प्रयत्नात पास व्हाल." मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं कशाला? नव्या वर्षाने लोकांची मनं मऊ केली आहेत, एवढं खरं.

प्रार्थना सोडू नकोस.

तुझी ताई

१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

म्हणजे झाकण नव्हतं. बरं.

तुझ्या लग्नाचे फोटो. धुताना बिघडले, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. बिघडले नव्हते. मामाच्या कॅमेऱ्यात फिल्म घालायचीच मी विसरलो होतो. पहिले पाच-सहा फोटो काढल्यावर ते लक्षात आलं, पण तोवर सगळे रांगेत उभे राहिले होते, मग नुसतंच बटण दाबत राहिलो.

हे असेल तर मनापासून माफी मागतो. हे नसेल तरीही मागतो.

धाकटा

३ मार्च

धाकट्या,

फिल्म नव्हती!

तीन तास मी मान तिरकी करून उभी होते. तू म्हणत होतास, "थोडं हस, ताई. भावोजी, जरा जवळ या." ह्यांना आयुष्यात कधी नव्हे ते मी सगळ्यांसमोर खांद्याला खांदा लावून उभं केलं, ते रिकाम्या डब्यासमोर. भिंतीवर फ्रेमची जागा अजून मोकळी आहे, तिथे कॅलेंडर लावतो आम्ही.

दोन दिवस पत्र लिहिलं नाही. मग तिसऱ्या दिवशी प्रार्थना केली आणि राग गेला. बघ, क्षमा करणं मला जड जात नाही. तो माझा स्वभावच आहे, त्यात माझं काही कौतुक नाही.

"हे असेल तर, हे नसेल तर" असं काय लिहितोस? परीक्षेत उत्तर चुकल्यासारखं. मी काही विचारलंय का तुला? पण तुझ्या आत काहीतरी चाललंय हे मला दिसतंय. थांबू नकोस. जे असेल ते सगळं बाहेर काढ. नवं मन हवं तर आधी जुनी खोली रिकामी करावी लागते, असं पाळकसाहेब म्हणालेच होते. मी ऐकायला खंबीर आहे.

महिला मंडळात सगळ्याजणी तुझं पुढचं पत्र कधी येतं म्हणून विचारतात.

तुझी ताई

७ एप्रिल

ताई,

हे पत्र महिला मंडळात वाचू नकोस.

गेल्या महिन्यात इथल्या चर्चची पाटी रंगवायचं काम आलं. त्यांच्याकडेही छापील फलकाचं चाललं होतं, पण इथले पाळक म्हणाले, माणसाच्या हातची हवी. शिडी लावून चार दिवस दाराशी होतो, आत गेलो नाही. शेवटच्या दिवशी पाळक चहा घेऊन बाहेर आले. पोरसवदा आहेत, माझ्या मुलाच्या वयाचे शोभतील. मी विचारलं, एखाद्याला आपला राग आलाय हे माहीत आहे, पण कशाचा ते माहीत नाही, तर काय करावं? ते म्हणाले, तुम्हाला माहीत असणार. जी गोष्ट सांगायची वेळ येऊ नये असं वाटतं, तीच असते. मग माझा ब्रश मागून त्यांनी पाटीच्या कोपऱ्यात एक ठिपका काढून बघितला. तो मला पुन्हा पुसावा लागला.

तर ती सांगतो. तुला ती कुठून कळली हे मला माहीत नाही. शेजारच्या नर्सबाईंकडून असेल.

आई झोपेत गेली, काही न बोलता गेली, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. शेवटचे तीन दिवस ती पूर्ण शुद्धीत होती आणि बोलत होती. तुलाच बोलावत होती. "मोठीला कळवलंस का? मोठी निघाली का?" मी म्हणत होतो, निघाली आहे, वाटेत आहे. तू वाटेत नव्हतीस. मी तुला कळवलंच नव्हतं. फोन माझ्या खिशात होता.

का, ते सांगतो. सात महिने मी तिचं सगळं केलं. तू दोनदा येऊन गेलीस, त्याबद्दल तक्रार नाही, तुझं घर होतं. पण ती रोज तुझंच गात होती. मोठी असती तर उशी अशी लावली असती. मोठी असती तर चहा असा झाला असता. मला वाटायचं, एकदा तरी तिने म्हणावं, तू आहेस ना, मग पुरे. तू आली असतीस तर ते कधीच ऐकायला मिळालं नसतं. म्हणून मी त्या एका वाक्याची तीन दिवस वाट पाहिली. ते आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तुला फोन केला, तेव्हा सांगायला दुसरंच काही उरलं होतं.

अंत्यविधीच्या वेळी तेव्हाच्या पाळकांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असा मुलगा देव सगळ्यांना देवो. तू रडत रडत मान हलवलीस. त्यानंतर मी देवळात गेलेलो नाही. पाळक लांबलचक बोलतात म्हणून नाही. त्या दिवशी ते फार थोडं बोलले होते.

धाकटा

२० जून

ताई,

अडीच महिने झाले. अकरा वेळा फोन केला. दर वेळी भावोजी उचलतात आणि सांगतात, ती अंघोळीला गेली आहे. काल दुपारी चार वाजताही तू अंघोळीलाच होतीस. भावोजींना खोटं बोलता येत नाही. त्यांना त्रास देऊ नकोस, मी पुन्हा करणार नाही.

एवढंच कळत नाही, की तुला आधीच माहीत होतं, मग आता नवीन काय झालं? तूच तर मागितलं होतंस. नियम मोडतोय, मोडू दे. "माझ्या रक्ताच्या माणसाला क्षमा करायला मला शिकव. वरून सगळं गोड आहे, आतून जमत नाही." तुझी चिठ्ठी मी पहिल्या दिवशीच ओळखली होती. पाटीवाल्याला अक्षर कळतं, ताई. त्या दिवसापासून मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतोय की तुला मला क्षमा करता यावी. आपल्याच क्षमेसाठी दुसऱ्याच्या वतीने प्रार्थना करणारा माझ्यासारखा मतलबी माणूस दुसरा नसेल.

काहीतरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

धाकटा

८ सप्टेंबर

धाकट्या,

ती चिठ्ठी माझी नव्हती.

आता नीट वाच, कारण हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही. गेल्या वर्षी लोकांनी एकमेकांचं अक्षर ओळखलं आणि दोन घरांत बोलचाल बंद झाली. म्हणून यंदा पाळकसाहेबांनी आणि मी ठरवलं, की पेटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या मी एका अक्षरात उतरवून काढायच्या आणि मूळच्या जाळून टाकायच्या. हे आम्हा दोघांखेरीज कुणालाच माहीत नाही. मी मंडळीची चिटणीस. एका बैठकीत सत्तेचाळीस चिठ्ठ्या उतरवल्या. सगळ्या एका अक्षरात असल्या की कुणाची कुठली हे कुणालाच कळणार नाही, हे आमचं शहाणपण.

तुझं जूनचं पत्र वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यांच्या हातात माझं अक्षर आहे. शिंपीणबाईंना वाटतंय की ह्यांची दारू सुटावी म्हणून मी देवाला साकडं घातलंय. ह्यांनी आयुष्यात दारू हुंगलेलीसुद्धा नाही. मास्तरांना वाटतंय की मी या वयात कसलीतरी परीक्षा देतेय. एकीने मला मूल होण्यासाठी डॉक्टरांचा पत्ता दिला, मी अठ्ठावन्न वर्षांची. अख्खी मंडळी माझ्यासाठी प्रार्थना करतेय, आणि मी समजत होते नव्या वर्षाने माणसं मऊ झाली.

आणि तू. तू मला कळलेलं नव्हतं ते सांगितलंस. मला काहीही माहीत नव्हतं, धाकट्या. नर्सबाई मला कधी भेटल्याही नाहीत. मला आईच्या शेवटाबद्दल फक्त तुझा शब्द माहीत होता. नऊ वर्षं मी दर वर्षी मंडळात उभी राहून साक्ष देते, की माझी आई झोपेत, शांतपणे, कुणाची आठवण न काढता गेली, ही प्रभूची कृपा. लोक आमेन म्हणतात.

आता माझी चिठ्ठी कोणती होती तेही ऐक. तू नियम मोडलास, मीही मोडते. मी लिहिलं होतं, "माझ्या धाकट्या भावाला पश्चात्ताप दे." कुणीतरी ती उचलली आणि रोज केली. मन लावून केली असणार, कारण तुला झाला. मी मागितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय होतं माहीत आहे? तू येऊन दुसऱ्या रांगेत बसशील, केस नीट विंचरून. मंडळातल्या बायका वळून बघतील. संपलं. पश्चात्ताप म्हणजे हे असतं, आणि तो होतो एकाला पण भोगायचा दुसऱ्याने, हे मला माहीत असतं तर मी गुडघेदुखीसाठी प्रार्थना मागितली असती.

मार्चमध्ये मी लिहिलं होतं की क्षमा करणं माझा स्वभाव आहे. ते पत्र तुझ्याकडे असेल तर फाडून टाक. माझ्या तोंडाला तुझं नाव येत नाही. आई विचारत होती आणि मी इथे त्या तीन दिवसांत काय करत होते ते मला आठवतंय. मी खिडक्यांचे पडदे धूत होते.

ताई

१ ऑक्टोबर

ताई,

वाचल्यावर आधी मी हसलो. कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन बसलो, तेही एवढं लांब. मग शिडीच्या खालच्या पायरीवर बसलो आणि संध्याकाळपर्यंत दुकान उघडलं नाही.

तुला माहीत नव्हतं हे मला आधी कळलं असतं तर मी सांगितलं नसतं. हे लिहायला लाज वाटते, पण आता तुझ्याशी खोटं बोलायची सवय मोडायची आहे. मी धाडस केलं नाही, मी पकडला गेलो असं समजून कबूल झालो. त्यामुळे माफी मागायचा हक्कही मला धड नाही. मागत नाही.

एकच सांगतो. ती चिठ्ठी तुझी नाही हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी दाढी करून मी सवयीने डोळे मिटले, आणि कळेना की आता कुणासाठी म्हणू. म्हणजे तिकडे कुणीतरी आहे, वरून गोड, आतून जमत नाही असं, आणि सहा-आठ महिने मी त्याच्या प्रार्थनेत स्वतःला बसवून ठेवलं होतं. त्याची मला फार शरम वाटली. आता मी ती खरोखर त्याच्यासाठी म्हणतो. वर्ष संपेपर्यंत म्हणणार. का कोण जाणे, पण आता म्हणायला बरं वाटतं.

रविवारी इथल्या चर्चमध्ये जातो. पाटीचा रंग नीट वाळला का ते बघायला, असं पहिल्यांदा पाळकांना सांगितलं. सहा रविवार झाले. त्यांनी अजून काही विचारलेलं नाही.

धाकटा

१ जानेवारी

धाकट्या,

सलाम.

तीन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं मन नव्हतं. अजूनही आहे असं नाही. पण आज वर्षाचा पहिला दिवस आहे, आणि उपासनेहून आल्यापासून मी टेबलाशी बसून आहे.

आधी तुझ्या चिठ्ठीचं. ती ज्याची होती ते माणूस मला माहीत आहे, उतरवताना मूळ अक्षर ओळखलं होतं. नाव सांगणार नाही. त्या घरातली दोन माणसं कित्येक वर्षं एकाच बाकावर दोन टोकांना बसत होती, मध्ये छत्री आणि पिशव्या. नोव्हेंबरपासून ती एकाच पुस्तकातून गीत गातात. पिशव्या खाली ठेवतात. म्हणजे तुझी प्रार्थना लागली. इथे तीस-तीस वर्षं प्रार्थना करणाऱ्यांच्या लागत नाहीत, आणि दाढीचा साबण पुसत केलेली तुझी लागते. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

गेल्या रविवारी मी उपासनेनंतर उभी राहिले आणि चिठ्ठ्या मीच उतरवल्या होत्या हे सगळ्यांना सांगून टाकलं. मग शिंपीणबाई ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे हे पीत नाहीत?" आणि सगळं देऊळ हसलं. हेही हसले, कशाला ते त्यांना कळलं नव्हतं. मग मी आणखी एक सांगितलं. माझी आई झोपेत गेली नाही, आणि मी नऊ वर्षं दिलेली साक्ष चुकीची होती. तुझं नाव घेतलं नाही. या वेळी कुणी आमेन म्हणालं नाही, पण मास्तर येऊन माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "तुमच्या भावासाठीची चिठ्ठी माझ्याकडे होती. तुमची परीक्षेचीही माझ्याकडेच. तुमच्यामागे प्रार्थना करता करता मी थकलो." बायको आजारी म्हणून तिच्या नावाची दुसरी त्यांनीच उचलली होती. तुझ्यासाठीची ती चिठ्ठी माझी, हे मात्र त्यांनी एकट्यानेच बरोबर ओळखलं होतं.

या वेळी सगळ्या चिठ्ठ्या पाळकसाहेब टाइप करून काढणार होते. मी माझी लिहायला बसले तेव्हा दुसरं काही सुचेना. रक्ताच्या माणसाला क्षमा करायला मला शिकव. शब्द त्या दुसऱ्या माणसाचे, पण मला त्याहून चांगले येत नाहीत.

कारण ती अजून आलेली नाही, धाकट्या. मी तुला क्षमा केलेली नाही. रोज मागते, आणि रोज उठल्यावर पहिला विचार येतो तो तुझ्या खिशातल्या फोनचा. पूर्वी मी म्हटलं असतं, झालं गेलं प्रभूच्या पायाशी ठेवलं. ठेवते आणि परत उचलून आणते. एवढं मात्र बदललंय, की पूर्वी मला प्रार्थना करताना काही लागत नव्हतं. आता मला खरंच हवं आहे.

आज पाळकसाहेबांनी पुन्हा म्हटलं, गैरहजर माणसांच्या नावाने उचला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही.

त्याचं कारण ऐक. तुझं एप्रिलचं पत्र मी तेव्हा एकदा वाचलं आणि शिवणाच्या डब्यात टाकलं. काल पुन्हा काढलं. पहिल्यांदा मला फक्त तीन दिवस दिसले होते. काल उशी आणि चहा दिसला. मोठी असती तर उशी अशी लावली असती.

धाकट्या, आई दर उन्हाळ्यात महिनाभर माझ्याकडे यायची. तुला माहीत आहे ती इथे काय बोलायची? धाकटा असता तर हा नळ एका दिवसात ठीक झाला असता. धाकटा असता तर मला असं एकटं बसू दिलं नसतं. धाकट्याच्या हातची पेज, धाकट्याचं बोलणं, धाकट्याची शिट्टी. मी तिचे पाय चेपत असायचे आणि ती तुझं गात असायची. शेवटच्या उन्हाळ्यात मी तिला ओरडले, की मग जा त्याच्याकडे, मी कशाला आहे? ती तुझ्याकडे गेली ती परत आलीच नाही. मी दोनदाच येऊन गेले ते घर होतं म्हणून नाही. मला राग होता. तिला तू हवा होतास ना, मग घ्या म्हटलं.

जे समोर बसलंय ते तिला कधी दिसलंच नाही. ती कायम गैरहजर माणसावर प्रेम करत राहिली, आणि आपण दोघं आळीपाळीने हजर राहून झुरत बसलो. हे मी तुला तिच्या हयातीत एकदा जरी सांगितलं असतं, तर तू फोन केला असतास. हे मला कालपासून कळलंय आणि मला धड राग धरता येत नाही, धड सोडता येत नाही.

म्हणून तुझ्या नावाची चिठ्ठी उचलली नाही. पाळकसाहेबांना एक पेटीत ठेवायला सांगितली आहे, तू येऊन आपल्या हाताने उचल. शनिवारी दुपारची गाडी घे. ते तीन दिवस मला सांग, अगदी सकाळपासून, आई काय म्हणाली ते तसंच्या तसं. माझ्या सोयीसाठी काही गाळू नकोस. मी चिडेन, मध्येच उठून आत जाईन. तू बसून राहा.

दार मी उघडेन. लगेच काही बोलेन असं नाही.

तुझी ताई